दाराच्या ट्रिमचं मटेरियल आणि ऑन-ऑफ कसं करायचं

आमच्या रेव्हिटच्या (इमारतींचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) दार-खिडकीच्या फॅमिली, म्हणजे मॉडेलमध्ये टाकायचे तयार घटक, घेतल्या की पहिल्या काही दिवसांत दोन प्रश्न हमखास येतात, ट्रिमचा रंग का बदलत नाही आणि नको तिथली ट्रिम जात का नाही. म्हणून हे लिहून देतोय, काम सुरू करायच्या आधी एकदा वाचाच.

ट्रिम म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा झाकणारी पट्टी. आमच्या फॅमिलीत आतली आणि बाहेरची पट्टी वेगळी आहे, मटेरियलही वेगवेगळं देता येतं. त्यासाठी फॅमिली उघडायची गरज नाही, दार सिलेक्ट करून एडिट टाइपमध्ये जा, तिथे दोन्ही मटेरियल दिसतील. फक्त हा बदल टाइपला (एकाच प्रकारच्या सगळ्या दारांना) लागतो, म्हणजे त्या टाइपची चाळीस दारं असतील तर चाळीसही बदलणार, त्यामुळे दोनच दारांना वेगळा रंग हवा असेल तर आधी टाइप डुप्लिकेट करा, नवं नाव द्या, मग बदला. मटेरियल इन्स्टन्सला (एकेका दाराला) मुद्दामच दिलेलं नाही, कारण मग एखाद्या दाराला भलतंच मटेरियल लागून राहतं आणि ते शोधण्यात दिवस जातो.

मटेरियल बदललं तरी रंग तोच दिसतोय? आधी व्ह्यू बघा. व्ह्यू शेडेड असेल तर मटेरियलच्या ग्राफिक्स टॅबचा रंग दिसतो आणि रिअलिस्टिक असेल तर अपिअरन्स टॅबचा, हे दोन जुळवायचे तर ग्राफिक्समध्ये 'यूज रेंडर अपिअरन्स'ला टिक करा. याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे असेट, म्हणजे मटेरियल कसं दिसावं याची साठवलेली माहिती. लाकडी मटेरियल नुसतं डुप्लिकेट केलं आणि नव्याच्या अपिअरन्सला पांढरा रंग दिला की रेंडरमध्ये मूळ लाकूडसुद्धा पांढरं होऊ शकतं, कारण दोघांचा अपिअरन्स असेट एकच राहिलेला असतो! अपिअरन्स टॅबमध्ये हाताच्या चिन्हाशेजारी एक आकडा असतो, तो शून्य नसेल तर असेट दुसरीकडेही वापरात आहे असं समजा आणि आधी असेट डुप्लिकेट करा.

आता लपवायचं. ट्रिम आत आणि ट्रिम बाहेर अशा दोन टिक प्रॉपर्टीजमध्ये आहेत आणि त्या इन्स्टन्सला आहेत, कारण एका बाजूला टाइल्स आल्या की तेवढ्या एकाच दाराची तेवढीच पट्टी काढावी लागते. टिक काढली की प्रोजेक्टच्या सगळ्या व्ह्यूमधून ती जाते. फॅमिली एडिटरमध्ये मात्र फिकट दिसत राहते, तो बिघाड नाही. राइट क्लिक करून हाइड इन व्ह्यू केलं तर अख्खं दारच जातं आणि तेही त्या एका व्ह्यूपुरतं, म्हणून ट्रिमसाठी तो रस्ता नकोच. व्हीव्ही (व्ह्यूमध्ये काय दिसावं ते ठरवायचा शॉर्टकट) दाबून ट्रिमची सबकॅटेगरी (उपप्रकार) बंद करणं एखाद्या ड्रॉइंगपुरतं ठीक आहे, पण जी पट्टी साइटवर बसणारच नाही ती टिकनेच काढा.

छताजवळची कॉर्निस (सजावटीची पट्टी) प्लॅनमध्ये दिसत नाही म्हणूनही विचारणा होते. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये कट प्लेन (प्लॅन ज्या उंचीवर कापलेला दिसतो ती पातळी) साधारण 1200 मिमीवर असतो आणि कॉर्निस त्याच्या वर, ती सीलिंग प्लॅनमध्ये बघा.

आणि एक, फॅमिलीच्या आत शेअर्ड फॅमिली (स्वतंत्र घटक म्हणून मोजली जाणारी) टाकलेली असेल तर ती लपवली तरी शेड्यूलमध्ये, म्हणजे घटकांच्या यादीत, मोजली जाते. आमच्या ट्रिम शेअर्ड नाहीत, पण इतरांच्या फॅमिली वापरत असाल तर मोजमाप देण्याआधी हे नक्की तपासा.

तरीही अडलं तर नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, व्ह्यूचं नाव आणि दाराचा मार्क नंबर पण कळवा.