आठ तारांमधली दुतर्फा वाहतूक

शेजारच्या टेबलावरच्या संगणकात १०० जीबी फोटो न्यायचे असले की पुष्कळ जण ते आधी क्लाउडवर चढवतात आणि मग दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतात. अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर नुसतं चढवायलाच ११ तास लागतात. दोन संगणकांना एकमेकांशी बोलायला इंटरनेट लागतं, हा समज यामागे आहे आणि तो चुकीचा आहे. दोघांच्या लॅन पोर्टांमध्ये, म्हणजे नेटवर्कची केबल लावायच्या खाचांमध्ये, एक साधी केबल खोचली, की तेच फोटो पंधरा मिनिटांत पलीकडे जातात. पूर्वी यासाठी वेगळी 'क्रॉस' केबल लागायची. सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच करून घेतात, त्यामुळे आता कुठलीही चालते.

घरातलं वाय-फायही इंटरनेटशिवाय हे काम करतं, पण दोन्ही संगणक एकाच राउटरच्या वाय-फायवर असले तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, आधी राउटरकडे आणि मग दुसऱ्या संगणकाकडे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, म्हणून वेग निम्मा होतो. केबलमध्ये ही अडचण का येत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

केबल सोलली तर आत आठ तारा दिसतात, म्हणजे नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ असतो, आणि चौघींचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जोडीतल्या एका तारेवर जेवढा धन व्होल्टेज, तेवढाच दुसरीवर ऋण. बाहेरचा विद्युत गोंगाट मात्र दोन्हींवर सारखाच चढतो. पलीकडे दोन्हींची वजाबाकी केली की गोंगाट गळून पडतो आणि संदेश दुप्पट होऊन हाती येतो. पीळ नसता तर एक तार गोंगाटाच्या कायम जवळ आणि दुसरी कायम लांब राहिली असती, आणि वजाबाकी फसली असती.

१०० मेगाबिटच्या जुन्या पद्धतीत एका जोडीवरून जायचं, दुसरीवरून यायचं, आणि निळी-तपकिरी जोडी रिकामी पडून असायची. १९९९ साली प्रमाणित झालेल्या गिगाबिट इथरनेटने (इथरनेट म्हणजे केबलने संगणक जोडायची पद्धत) चारही जोड्या कामाला लावल्या आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश सोडले. एकाच तारेवर दोघं एकदम बोलले तर ऐकणार कोण आणि कसं? उत्तर पुन्हा वजाबाकीतच आहे. आपण या क्षणी काय सोडलं, हे प्रत्येक बाजूला नेमकं माहीत असतं. तारेवर दिसणाऱ्या एकूण व्होल्टेजमधून ते वजा केलं की उरतं ते समोरच्याचं. पण आपलाच संदेश प्लगवर, सांध्यावर आपटून थोडा उशिराने प्रतिध्वनीसारखा परत येतो. तोही वजा करावा लागतो, आणि तो दर केबलीचा वेगळा असतो. म्हणून केबल खोचल्याबरोबर पोर्टचा दिवा लागत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत दोन्ही बाजू वेग ठरवतात, कोणाच्या घड्याळाने चालायचं ते ठरवतात आणि या केबलीचा प्रतिध्वनी शिकून घेतात.

आता हिशेब. दर ८ नॅनोसेकंदांनी प्रत्येक जोडीवर एक ठोका पडतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटी ठोके. ठोक्याला व्होल्टेजच्या पाच पायऱ्या असतात आणि त्यातून २ बिट जातात. साडेबारा कोटी गुणिले २ गुणिले ४ जोड्या म्हणजे १०० कोटी बिट, एक गिगाबिट. दोन बिटांना चार पायऱ्या पुरल्या असत्या. पाचवीमुळे चार जोड्यांच्या मिळून ६२५ जुळण्या होतात, गरज २५६ चीच असते, आणि जास्तीच्या जुळण्या चुका हेरायला कामी येतात. केबलमध्ये संदेश नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर धावतो. म्हणजे १० मीटरच्या केबलीत प्रत्येक जोडीवर एका दिशेचे सहा ठोके एकामागोमाग धावत असतात आणि समोरून येणारे सहा त्यांच्यातून आरपार जात असतात.

आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे हे झाले सेकंदाला १२५ एमबी. प्रत्येक तुकड्यासोबत जाणारे पत्ते, शीर्षकं आणि मधल्या मोकळ्या जागा वजा जाता फाइलसाठी सुमारे ११८ एमबी उरतात. तुमचा आकडा ११ वर अडकला असेल तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. बहुतेक वेळा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटलेली असते. वेगाची बोलणी नारिंगी आणि हिरव्या जोडीवर होतात, त्यामुळे दिवा लागतो, काम चालतं आणि बिघाड लक्षातच येत नाही. केबल बदला. मात्र सोन्याचा मुलामा दिलेली 'कॅट ८' घेऊन वेग वाढेल, ही जाहिरातबाजी आहे. 'कॅट'पुढचा आकडा केबलीची प्रत सांगतो, आणि गिगाबिट पोर्टला साधी 'कॅट ५ई' १०० मीटरपर्यंत पुरते.

थेट जोडलेल्या संगणकांना पत्ता वाटणारा राउटर नसतो. तेव्हा ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच निवडतात आणि तो आधी कोणी घेतलेला नाही ना, हे विचारून घेतात. हा बिघाड नव्हे. विंडोज मात्र अशा जोडणीला अनोळखी समजून सार्वजनिक नेटवर्क मानतं आणि फाइल शेअरिंग अडवतं. ते खाजगी करता आलं नाही तर दोन्ही संगणक राउटरच्या लॅन पोर्टांना जोडा, ते पोर्ट गिगाबिट असतील तर वेग तोच मिळतो. दोन्हींचं वाय-फाय बंद करा, नाहीतर फाइली नकळत हवेतून जाऊ शकतात. शेअर केलेलं फोल्डर उघडताना खात्याचा पासवर्ड लागतो. पिन चालत नाही, आणि पासवर्डच नसलेलं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

दोन्ही टोकांना चपटा मोठा प्लग असलेली साधी यूएसबी केबल दोन संगणकांमध्ये कधीही लावू नका. दोन्हीकडून ५ व्होल्ट एकमेकांवर येतात आणि पोर्ट जळू शकतो.

हजारो बारीक फाइली असल्या तर चांगल्या केबलीवरही वेग कोसळतो, कारण प्रत्येक फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं यासाठी वेगळे निरोप जातात-येतात. त्यांची एकच झिप करा, कॉम्प्रेशन बंद ठेवून. जेपीईजी फोटो आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबण्यात फक्त प्रोसेसरचा वेळ जातो. पेन ड्राइव्हने नेणार असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट आणि फॅट३२ या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती आहेत. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

'कट' वापरू नका, कॉपी करा. मग दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट ताडून पाहा. 'साइझ' ही ओळ जुळली पाहिजे. 'साइझ ऑन डिस्क' वेगळी दिसली तरी घाबरू नका, दोन डिस्कांवरचे कप्पे लहान-मोठे असतात. महत्त्वाच्या फाइलींचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून हिशेबाने निघणारा ठसा, दोन्हीकडे काढून जुळवा. त्याचे ६४ अंक-अक्षरं तंतोतंत सारखी आली की मूळ प्रत पुसायला हरकत नाही.