पार्श्वभूमी : ‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि न थांबणारी आग

महिनोन्‌महिने योनीमुखाशी खाज, आग, चुणचुण; आणि फाईलमधल्या प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’. सांगली-साताऱ्याकडच्या बायका अशी फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मिरजेला येतात. जत, आटपाडी, माण, खटाव, कुठूनही आल्या तरी पिशवीत साधारण तेच निघतं: दोन-तीन सोनोग्राफ्या, लघवीची तपासणी, कधी एखादी पॅप (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी), आणि आत ठेवायच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांची चळत. सोनोग्राफीत गर्भाशय दिसतं, अंडाशयं दिसतात. योनीमुखाची कातडी दिसत नाही, आणि तक्रार नेमकी तिथली असते. स्राव काचपट्टीवर घेऊन बघितल्याचा कागद मात्र पिशवीत सहसा नसतोच.

‘कारण सापडत नाही’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. बघितलं पण सापडलं नाही, ही एक. बघितलंच नाही, ही दुसरी. आपल्याकडे दुसरी जास्त घडते असं माझं मत आहे, आणि त्यात एकट्यादुकट्या डॉक्टरांच्या आळसापेक्षा, न तपासता लक्षणांवरून औषध देण्याच्या एका जुन्या धोरणाचा वाटा मोठा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. चरकसंहितेत वीस योनिव्यापदं, म्हणजे योनीचे विकार, सांगितली आहेत. त्यांतल्या ‘अचरणे’त खाज येते ती न धुतल्यामुळे झालेल्या जंतूंनी, आणि त्या खाजेपायी बाईला पुरुषाची हाव सुटते, असं म्हटलंय. अस्वच्छता आणि चारित्र्य हे दोन्ही संशय इतके जुने आहेत. आधुनिक बाजूला ट्रायकोमोनास हा परजीवी १८३६ साली पॅरिसमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. योनीतली आम्लता राखणाऱ्या उपयोगी जिवाणूंचं वर्णन १८९२ मध्ये जर्मनीत झालं. मिरजेत मिशनचा दवाखाना उभा राहिला तोही त्याच दशकात. मासळीसारख्या वासाचा पातळ स्राव हा स्वतंत्र आजार आहे हे १९५५ मध्ये मांडलं गेलं, आणि १९८३ मध्ये त्याच्या चार खुणा ठरल्या: एकसारखा पातळ स्राव, पीएच (आम्लतेचं माप) ४.५ च्या वर, पोटॅशच्या (केओएच) द्रावणाचा थेंब टाकताच येणारा वास, आणि जिवाणूंनी माखलेल्या पेशी. चारांतल्या तीन जुळल्या की निदान झालं.

याला लागतं काय? पीएचच्या कागदाची पट्टी, काचपट्टी, सलाइनचा थेंब, पोटॅशचा थेंब, सूक्ष्मदर्शक. सलाइनच्या थेंबात ट्रायकोमोनास वळवळताना दिसतो, पण स्लाइड लगेच बघावी लागते. गार पडली की तो निपचित होतो आणि पांढऱ्या पेशींत हरवतो. पोटॅशने इतर पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. पाच-दहा मिनिटांचं काम. मिरजेत गल्लोगल्ली लॅब आहेत, तिथे यातली एकही वस्तू दुर्मिळ नाही.

१९८९ मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढीच सरकारी समजूत होती. त्या अभ्यासात ६५० बायकांची, तक्रार असो वा नसो, आतून तपासणी केली. ९२ टक्क्यांना एक तरी स्त्रीरोग निघाला, सरासरी माणशी ३.६. याआधी कधी अशी तपासणी आणि उपचार झाले होते फक्त ८ टक्क्यांचे. हे आकडे पुढे जगभर उद्‌धृत झाले. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेत प्रजनन आरोग्य हा शब्द रुजला, १९९७ मध्ये भारतात त्या नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. गडचिरोलीचा साधा अर्थ होता की बघितलं तर सापडतं. धोरणाने मात्र ‘आजार खूप आहेत, म्हणून औषध पोचवा’ एवढाच भाग उचलला.

कारण मध्ये एचआयव्ही आला होता. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा, कराडवरून जातो. सांगली-मिरजेचं नाव नव्वदीत एड्सच्या संदर्भात वारंवार छापून यायचं. लिंगसांसर्गिक आजार असले की एचआयव्ही लवकर पसरतो हे कळलं होतं, त्यामुळे ते झटपट बरे करणं निकडीचं झालं. प्राथमिक केंद्रात लॅब नाही, रिपोर्ट यायला चार दिवस, आणि गेलेला पेशंट परत येत नाही. तेव्हा जागतिक पातळीवरून सल्ला आला तो असा: आजार ओळखत बसू नका, लक्षणांचा गट ओळखा आणि त्या गटातल्या सगळ्या संभाव्य आजारांवर पहिल्याच भेटीत औषध द्या. वैद्यकीय भाषेत याला लक्षणसमूहावर आधारित उपचार म्हणतात. भारतात २००७ च्या सुमारास त्याची रंगीत किट्स झाली. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, बाईच्या अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं. हिरव्या किटात जिवाणू-परजीवींवरचं सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. एकदा घ्यायचं, संपलं.

हा निर्णय चुकीचा होता असं सरसकट म्हणता येत नाही. पुरुषांच्या स्रावावर आणि जखमांवर ही पद्धत चांगली चालते, आणि ज्या बाईला दवाखान्यात येण्याची एकच संधी मिळते तिला रिकाम्या हाताने परत न पाठवणं हा माणुसकीचाच विचार होता. पण बायकांच्या स्रावाच्या बाबतीत ही पद्धत लंगडी आहे हे नव्वदीतच दिसू लागलं होतं. स्राव बहुतेक वेळा योनीतल्याच बिघाडाचा असतो. गनोरिया, क्लॅमिडिया हे गर्भाशयमुखाचे संसर्ग पुष्कळदा काहीच लक्षण दाखवत नाहीत. म्हणजे जिला लिंगसांसर्गिक आजार नाही तिला त्याचं औषध आणि त्यासोबतचा संशय, आणि जिला आहे ती सुटून जाते. शिवाय ज्या बाईला स्राव नाहीच, नुसती आग आहे, तिच्यासाठी कुठलाच रंग नव्हता. तिलाही हिरवंच मिळायचं.

मार्गदर्शिकेत आतून तपासणी करा असं लिहिलेलं होतं, सोय असेल तिथे पीएच आणि स्लाइडही. कागदावर पद्धत इतकी आंधळी नव्हती. प्रत्यक्षात स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं साधन) उकळायचं कुणी, पडदा आहे का, बाई डॉक्टर आज आहेत का, यातच तपासणी गळाली आणि किट उरलं. खासगीतही हीच सवय मुरली. तिथे रंग नव्हते, एकाच पाकिटात तीन-चार गोळ्यांचा संच असायचा. लग्न न झालेल्या मुलीला तर टेबलावर घ्यायचंच नाही, हा अलिखित नियम. योनीमुख नुसतं उजेडात डोळ्यांनी बघायला स्पेक्युलम लागत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही की काय कोण जाणे.

एका डोसचं औषध वारंवार होणाऱ्या आजारावर पुरत नाही, हा दुसरा घोळ. वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी होत असेल तर फ्लुकोनाझोल आधी तीन डोस आणि मग आठवड्याला एक असं सहा महिने द्यावं लागतं. बुरशीच्या काही जाती त्यालाही दाद देत नाहीत, आणि ते कल्चर (नमुना लॅबमध्ये वाढवून बघणं) केल्याशिवाय कळत नाही. मासळीच्या वासाचा जिवाणूदोष उपचारानंतर निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत परत होतो. त्यात नवऱ्याला औषध देऊन उपयोग नाही असंच वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचा निष्कर्ष आला: जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिलं तर बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ३५ टक्के, न दिलं तर ६३ टक्के. म्हणजे ‘तूच नीट धूत नाहीस’ हे ज्यांना ऐकवलं गेलं, त्यांच्यापैकी कित्येकींच्या बाबतीत औषध अर्ध्याच घराला मिळत होतं.

घरचे उपाय यात समांतर चालूच असतात. आग म्हणजे उष्णता, लघवीला जळजळ म्हणजे उन्हाळी लागली. मग धन्याचं पाणी, सब्जा, तांदळाचं धुवण. त्याने नुकसान काही नाही. नुकसान होतं ते गरम पाण्यात जंतुनाशकाची दोन टोपणं ओतून रोज धुण्याने. आधीच चिडलेली कातडी त्याने सोलपटते, आग वाढते, म्हणून धुणंही वाढतं.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मलमांचा भाग याहून मोठा. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि कडक स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये असलेली ही मलमं गजकर्णापासून खाजेपर्यंत सगळ्याला दिली जायची. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी आत वाढत राहते, कातडी पातळ होते, मलम सोडलं की दुप्पट आग. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, ती उच्च न्यायालयात टिकली नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी आली. स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत हा नियमही २०१८ चाच. गंमत अशी की योनीमुखावर पांढुरके पातळ चट्टे आणून रात्रीची झोप उडवणारा लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग आहे, त्याचा पहिला उपचार हेच कडक स्टेरॉइड, पण निदान करून, मोजून, देखरेखीखाली. तो पाळी गेलेल्या बायकांत आणि लहान मुलींत जास्त दिसतो, वर्षानुवर्षं बुरशी म्हणून हाताळला जातो, आणि तोवर तिथली घडी चिकटून जाते. पाळी गेल्यावर हार्मोन कमी होऊन येणारी कोरडी आग हीसुद्धा वेगळीच, पण तिलाही बुरशीच्याच गोळ्या मिळतात.

अलीकडची भर मधुमेहाच्या औषधांची. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, स्वस्त गोळ्या आल्या, आणि त्या हृदयाला व मूत्रपिंडाला चांगल्या म्हणून पुष्कळ लिहिल्या जातात. जागेवर बुरशी होणं हा त्यांचा माहितीतला दुष्परिणाम. शुगरचे डॉक्टर वेगळे, बाईचे वेगळे. गोळी कधी सुरू झाली आणि खाज कधी, या दोन तारखा एका कागदावर येतच नाहीत.

ऊसतोडीच्या बायकांचं याहून वाईट. दिवाळीच्या सुमारास वाळवा, कराड, कोरेगावच्या फडांवर टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात, पाणी आणि आडोसा दोन्ही नसतं. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, राज्य सरकारने समिती नेमली. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, एवढ्यावर ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं सांगून शस्त्रक्रिया झाल्याच्या कहाण्या तेव्हा पुढे आल्या. गर्भाशय काढल्याने योनीतली बुरशी जात नाही की कातडीची आग जात नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. न काढता बघायचं कसं, यासाठी मात्र गावात काही वाढलं नाही.

२००५ च्या सुमारास गोव्यात जवळजवळ अडीच हजार बायकांचा अभ्यास झाला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा ताण, नैराश्य, घरातली हिंसा यांच्याशी जास्त लागला. अभ्यास चांगला होता आणि त्याचा रोख होता की सगळ्यांना प्रतिजैविकं देऊ नका, बाईला विचारा. ओपीडीपर्यंत पोचता पोचता त्याचं ‘मनाचे खेळ आहेत’ झालं.

खरोखर बघूनही काही न सापडणारी आग असते, हे वैद्यकाला माहीत नव्हतं असं नाही. १८८० च्या दशकात अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनीमुखाच्या अतिसंवेदनशीलतेचं वर्णन केलं होतं. मग ते जवळपास शतकभर पुस्तकांतून गायब झालं. १९७० च्या दशकात परत चर्चा सुरू झाली, १९८७ मध्ये कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करून दुखरी जागा शोधण्यासह निकष ठरले. २००३ मध्ये व्हल्वोडिनिया ही संज्ञा पक्की झाली, २०१५ मध्ये व्याख्या सुधारली: किमान तीन महिने टिकणारं, स्पष्ट कारण न सापडणारं दुखणं, ज्यात नसा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, हार्मोन, मन असे अनेक घटक गुंतलेले असू शकतात. ‘कारण नाही’ हे इथे निदान आहे, पण बुरशी, जिवाणू, कातडीचे आजार, सगळं तपासून बाजूला केल्यावरचं.

उपचार आहेत: लावायचं भूल देणारं मलम, स्नायूंची फिजिओथेरपी, आणि रात्री अमिट्रिप्टिलीन, सुरुवातीला १० मिलिग्रॅम. आपल्या भागात फिजिओथेरपी म्हणजे गुडघा आणि कंबर; ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या बाई शोधाव्या लागतात. आणि अमिट्रिप्टिलीनची चिठ्ठी घेऊन सहसा नवरा किंवा दीर मेडिकलमध्ये जातो. काउंटरवरून उत्तर येतं, ‘ही तर डिप्रेशनची गोळी.’ नैराश्याला ती याच्या कितीतरी पट डोसात देतात, इथे ती नसांसाठी असते, हे तिथे सांगायला कुणी नसतं. पहिली पट्टी संपायच्या आत गोळी बंद होते आणि फाईलमध्ये नवी सोनोग्राफी येते.