ऑफिस टाइमचं फूल आणि वेळ पाळणाऱ्या माश्या

मे महिन्यात आमच्या गच्चीवरचा गुलाब अकराच्या आतच मान टाकतो. शेजारच्या फुटक्या टबातला ऑफिस टाइम मात्र नेमका तेव्हाच रंगात आलेला असतो. चिनी गुलाब म्हणतात त्याला, पण चीनशी त्याचा संबंध नाही. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतला, ब्राझील-अर्जेंटिनाकडचा.

त्याचं पान नखाने दाबलं की पाणी सुटतं. पण नुसत्या साठ्यावर उन्हाळा निघत नाही. पाणी पुरेसं असेल तर हे झाड ऊस-मक्याच्या पद्धतीने दिवसा अन्न तयार करतं. माती कोरडी पडली की पानांवरची छिद्रं रात्री उघडायची, आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून तो वापरायचा, हा दुसरा मार्गही त्याला येतो. आपली घोळाची भाजी याच कुळातली. पाण्याला आसुसलेली घोळ पहाटे खुडली तर दुपारच्यापेक्षा आंबट लागते, ती या आम्लामुळेच. घोळीच्या पानात हे दोन्ही मार्ग एकाच पेशीत चालतात, असं येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं.

आता फुलात डोकावा. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. त्याला काडीने हलकेच एका बाजूने स्पर्श करा आणि थांबा. पुंकेसर काडीच्या दिशेने झुकतात! मधमाशी आत लोळते तेव्हाही तसंच होतं आणि तिच्या अंगाला पराग फासला जातो. आमच्याकडे सातेरी मधमाशी येते, इवलीशी फुलोरी मधमाशीही येते.

रोपवाटिकेत मात्र गच्च पाकळ्यांची जात पुढे करतात. ती घेऊ नका. त्यात बरेचसे पुंकेसरच पाकळ्या झालेले असतात. माशीला काय मिळणार? एकेरी फुलाची बोटभर फांदी निम्म्या वाळूच्या मातीत खोचली तरी जगते. जास्त पाण्याने मात्र कुजते.

फूल काही तासच उघडं असतं, तरी माश्या चुकत नाहीत. ऑगस्ट फोरेल या स्विस डॉक्टरच्या नाश्त्याच्या टेबलावर मुरंब्यासाठी माश्या ठरल्या वेळी येत, मुरंबा नसला तरी. 1910 साली त्याने हे नोंदवलं. आमच्याकडेही ढगाळ सकाळी फुलं मिटलेलीच राहतात. माश्या दहाच्या सुमाराला येतात, टबावर दोन घिरट्या घालतात आणि तुळशीच्या मंजिऱ्यांकडे वळतात.