पीकवर्तुळ

पीकवर्तुळ : उभ्या पिकाची धाटे न तुटता बुंध्याशी वाकून, ठरावीक वळणाने आडवी पडल्यामुळे शेतात उमटलेली गोल किंवा भौमितिक आकृती. बेळगाव सीमाभागात पडलेल्या पिकाला ‘लोळलं’ एवढाच शब्द आहे. वारा, रोग आणि माणूस या तिन्ही कारणांना तोच चालतो.

उगमाबद्दल मतभेद आहेत. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात शेतात उमटलेल्या गोलांविषयीच्या १६७८ च्या पत्रकाचा दाखला नेहमी दिला जातो. परंतु त्यातील ओटचे (एक धान्य) पीक कापलेले होते, वाकलेले नव्हते. जे. रँड कॅप्रन यांनी १८८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलेले टिपण अधिक वजनाचे आहे : सरे परगण्यात वादळानंतर गव्हात गोल पट्टे पडले, मध्ये काही धाटे उभी, भोवतीची वर्तुळाकार लोळलेली. त्यांनी कारण वाऱ्याचा भोवरा मानले. टेरेन्स मीडन यांनी १९८० च्या दशकात हाच विचार विद्युतभारित भोवऱ्यापर्यंत नेला. आकृत्या किचकट होऊ लागल्या तसा तो तोकडा पडला. डग बॉवर व डेव्ह चोर्ली या दोघा इंग्रजांनी १९९१ मध्ये फळी, दोरी आणि टोपीला अडकवलेली तारेची कडी दाखवून अशा आकृत्या आपण केल्याची कबुली दिली. त्यांचा आरंभ १९७६ किंवा १९७८ चा. प्रेरणा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधील टली येथे १९६६ मध्ये पाणथळीतील लव्हाळ्यात दिसलेल्या गोलाची. विल्टशरमधील मिल्क हिल येथे २००१ मध्ये उमटलेल्या आकृतीत ४०९ वर्तुळे होती.

आडव्या धाटांच्या गाठी लांबलेल्या आढळतात, यावरून गूढ उष्णतेचा तर्क लढवला गेला. गवतवर्गीय पीक आडवे झाले की गाठीची खालची बाजू जास्त वाढून शेंडा वर वळतो, हे लक्षात घेता तो अनावश्यक वाटतो. यासाठीच पाहणी पहिल्या २४ तासांत व्हावी. नंतर मापे पिकाच्या वाढीचीच येतात.

पाहणी शेतमालकाच्या परवानगीने, बांधावरून सुरू करावी. इंग्लंडात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांतून माग न सोडता आत जाता येते. खानापूरकडच्या रोप लावलेल्या भातात तशी वाट नसते, आणि ओल्या खाचरात पाऊल उमटतेच. म्हणून आत शिरण्याआधी चारी बांधांवरून माग शोधून छायाचित्रे घ्यावीत. मग ३० मीटरची टेप धरून चार दिशांनी व्यास मोजावेत. दोरीने आखलेल्या वर्तुळाचे व्यास जवळजवळ सारखे येतात, वाऱ्याने लोळलेल्याचे येत नाहीत. मध्याशी खुंटीचे भोक आहे का ते चाचपावे. धाटांचे थर खालून वर पाहिले की कोणता भाग आधी दाबला ते कळते. आतून दहा व बाहेरच्या उभ्या पिकातून दहा धाटे उपटून वरून दुसऱ्या गाठीची लांबी मोजावी. बाहेरची धाटे न घेतल्यास आतल्या मापांना अर्थ उरत नाही. नुकसान गुंठ्यात सांगायचे तर ११.३ मीटर व्यासाचे वर्तुळ सुमारे एक गुंठा भरते.

फसवणारे गोल बरेच. भातात तपकिरी तुडतुड्यांमुळे गोल चट्टे करपून लोळतात. बुंध्याशी किडे दिसतात. विजेनेही गोल चट्टा मरतो, पण धाटे एका वळणाने पडत नाहीत. अथणीकडच्या रब्बी जोंधळ्यात खडखड्या रोगाने पडलेले धाट चिरले की आत काळी भुकटी दिसते. मेंढरं बसवलेल्या जागी नत्र जास्त होऊन पीक माजते आणि आधी लोळते. वाघरीचा (मेंढरांभोवती लावलेल्या जाळीचा) गोल तसाच उमटतो. जुन्या खळ्याची दाबलेली जमीन उलट पीक खुजे ठेवते, आणि मध्ये तिवड्याची (मळणीच्या खांबाची) जागा सापडल्यास अननुभवी माणूस हमखास चकतो. गवे व रानडुकरे यांच्या तुडवणीला कड नसते. उसात प्रश्नच मिटतो : फळी टेकवायच्या आधी पाचटाने हात कापले जातात.