मला काहीच होत नाही, मग तपासणी कशाला?

नव्या देशात येऊन वर्ष-दीड वर्ष झालेल्या एका बाईच्या घरी टपालाने पत्र येतं. वर सरकारी शिक्का, खाली ठराविक साच्यातली भाषा आणि मध्येच ‘कर्करोग’ हा शब्द. ती हादरते. मला काय झालंय? आणि ते या लोकांना माझ्याआधी कसं कळलं? पत्र ड्रॉवरमध्ये जातं ते तिथेच राहतं.

अशा बाईची नोंद ‘प्रतिसाद नाही’ अशी होते. युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या अनेक अभ्यासांत कर्करोग तपासणीला येणाऱ्या स्थलांतरितांचं प्रमाण स्थानिकांपेक्षा कमी दिसतं आणि त्याचं खापर ‘जागरूकता नाही’ म्हणून त्यांच्याच माथी फुटतं. मला हे पटत नाही. दोष बऱ्याचदा बोलावण्याच्या पद्धतीत असतो.

मराठीतच पाहा. पोटात दुखतं म्हणून डॉक्टर पोट दाबून बघतात ती तपासणी आणि कसलाही त्रास नसताना ठरावीक वयाच्या सगळ्यांना बोलावतात तीही तपासणीच. दुसऱ्या प्रकारासाठी आपण ‘स्क्रीनिंग’ शब्द उसना घेतो, पण तो घरोघरी पोचलेला नाही. जिथे दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नसते, अशा ठिकाणाहून आलेल्या माणसाला ‘तपासणीला या’ म्हटलं की संशयच ऐकू येणार. म्हणून पत्राचं पहिलं वाक्य त्याच्या भाषेत आणि साधं हवं: तुम्हाला आजार आहे असं आम्ही म्हणत नाही, या वयाच्या सगळ्यांनाच हे पत्र जातं.

त्रास नसताना जायचं कारण शरीराच्या संथ गतीत आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण 15 ते 20 वर्षं जातात. मधल्या काळात पेशी बदलत असतात, पण बाईला काही जाणवत नाही. त्याच काळात त्या सापडल्या तर कर्करोग होण्याआधीच काढून टाकता येतात.

‘आमच्याकडे हा आजार फारसा नसतो’ हा दिलासाही देश बदलला की टिकतोच असं नाही. जपानहून हवाईला गेलेल्या लोकांत जठराच्या कर्करोगाचं प्रमाण घटलं आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं वाढलं. माणसं तीच, जगणं बदललं.

लाजेचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो समजावून सुटत नाही. परक्या डॉक्टरसमोर, तेही पुरुष असला तर, कपडे उतरवायचे ही कल्पनाच अनेकींना नकोशी होते. इथे विज्ञानाने खरोखर मोठी मदत केली आहे. जुन्या पॅप चाचणीत पेशींचा आकार बघतात, त्यामुळे नमुना थेट गर्भाशयमुखावरूनच घ्यावा लागतो. एचपीव्ही चाचणी विषाणूची जनुकीय खूण शोधते आणि ती योनीतल्या स्रावातही सापडते. म्हणजे कापसाच्या काडीसारखा स्वॅब घेऊन, दार लावून, बाईला स्वतःच नमुना घेता येतो. पीसीआर पद्धतीने, म्हणजे त्या जनुकीय खुणेच्या असंख्य प्रती काढून, तपासला तर तो नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरतो. नेदरलँड्सने 2017 मध्ये ही सोय दिली आणि ऑस्ट्रेलियाने जुलै 2022 पासून तपासणीस पात्र असलेल्या सगळ्या बायकांना हा पर्याय खुला केला. विषाणू सापडला तर पुढे डॉक्टरांकडे जावं लागतंच, पण पहिला उंबरठा तरी ओलांडला जातो.

आतड्याच्या कर्करोगासाठीचं किटही घरी येतं. छोटी नळी, तिच्या झाकणाला खाचा असलेली काडी. ती शौचात टोचायची, परत नळीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि पाठवून द्यायचं. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. हे सांगायला चार चित्रं पुरतात. तरी चार पानी सूचना का पाठवतात, हे मला कळत नाही.

भाषेच्या अडचणीवर लोक एक सोपी वाट काढतात, मुलांना दुभाषी करतात. बारा वर्षांचा मुलगा डॉक्टर आणि आई यांच्या मध्ये बसलेला. प्रश्न अंगावरून जाणाऱ्या रक्ताचा. आई ‘काही नाही’ म्हणते आणि विषय संपतो. फोनवरचा का होईना, पण प्रशिक्षित दुभाषी हवाच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इंग्लंडमध्ये मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, केलेल्या 100 बायकांपैकी साधारण 4 जणींना पुढच्या चाचण्यांसाठी पुन्हा बोलावतात आणि त्या चौघींपैकी एकीलाच कर्करोग निघतो. हे माहीत नसेल तर ‘पुन्हा या’ म्हणजे निकाल लागलाच, असं समजून बाई जायचंच टाळते.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी 1990 मध्ये गरीब रुग्णांसाठी ‘वाटाडे’ नेमले. तिथे स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण पूर्वी 39 टक्के होतं, ते स्वस्त तपासणी आणि वाटाडे या दोन्हींच्या जोरावर 70 टक्क्यांवर गेलं. ही पद्धत आता स्थलांतरितांसाठीही वापरतात. वाटाड्या तिच्याच भाषेत फोन करतो, वेळ ठरवून देतो, महिला डॉक्टर मिळेल का ते बघतो. आणि ‘पुन्हा या’ असं कळवायची वेळ आली, तर तेही पत्राने नाही, स्वतः सांगतो.