अंडाशयाच्या कर्करोगात दोन औषधांची जोडी कशी ठरली

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी धाराशिव जिल्ह्याला नवी नाही. तिथल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीही मृत्यू घटवते, हे त्यातून दिसले. अंडाशयाच्या कर्करोगासाठी अशी चाळणी अजून सापडलेली नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर महिलांवर करून पाहिली, पण २०२१ च्या निकालात मृत्यू घटल्याचे दिसले नाही. पोट फुगते, भूक मंदावते, गॅसच्या गोळ्या चालू राहतात आणि पोटात पाणी झाल्यावर सोनोग्राफी होते. तोवर आजार बहुधा पसरलेला असतो. मग शस्त्रक्रियेइतकाच भार किमोतल्या दोन औषधांच्या जोडीवर येतो.

१९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण विजेमुळे नव्हे; प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून तयार झालेल्या संयुगांमुळे. त्यातूनच सिस्प्लाटिन आले आणि १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते पेशीच्या डीएनएला गाठ मारते. मूत्रपिंडाला मात्र जड जाते, म्हणून पुढे त्याच जातीचे कार्बोप्लाटिन आले.

जोडीतले दुसरे औषध, पॅक्लिटॅक्सेल, यू झाडाच्या सालीतले. १९७१ मध्ये त्याची रचना मांडणाऱ्यांत मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा. खानदेशातले हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे नवल वाटते. हे औषध डीएनएला हात लावत नाही; विभाजनाच्या वेळी पेशीतले सूक्ष्म धागे ताठरवून टाकते. मारा वेगळ्या ठिकाणी, त्रासही बऱ्याच अंशी वेगळा. जोडी जमते ती इथे. १९९६ च्या चाचणीत सिस्प्लाटिनसोबत जुने सायक्लोफॉस्फमाइड दिलेल्या महिलांचे मध्यक आयुर्मान (निम्म्या महिला याहून जास्त जगल्या) २४ महिने होते, पॅक्लिटॅक्सेल दिलेल्यांचे ३८.

क्रमालाही महत्त्व आहे. सिस्प्लाटिन आधी दिले तर पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर हळू पडते आणि पांढऱ्या पेशी जास्त घटतात. म्हणून पॅक्लिटॅक्सेलचे सलाईन आधी लागते.

दोनाने भागले, तर तीन का नको? चार हजारांवर महिलांच्या चाचणीत तिसरे औषध जोडून पाहिले. २००९ च्या निकालात फायदा शून्य, त्रास मात्र वाढला.

खरी अडचण आजार उलटल्यावर येते. कर्करोगाच्या पेशी प्लॅटिनमच्या औषधांना सरावतात: औषध आत कमी घेतात, ग्लुटाथिओन या पेशीतल्या रसायनाने ते निकामी करतात, तुटलेला डीएनए सांधतात. ही सांधणीच रोखणारे ओलापरिब हे औषध २०१४ मध्ये आले. बीआरसीए या डीएनए सांधणाऱ्या जनुकात दोष असलेल्यांना त्याचा विशेष उपयोग होतो.

प्रयोगशाळेत मात्र जोड्यांचा पूर आहे. हळदीतले कर्क्युमिन, मधुमेहाचे मेटफॉर्मिन, सगळे सिस्प्लाटिनसोबत पेशींवर टाकून झाले. अशा बातमीत मी आधी पेशी कोणत्या वापरल्या ते बघतो. ए२७८० आणि एसकेओव्ही३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षे सर्रास वापरल्या गेल्या. २०१३ मध्ये जनुकीय तुलना झाली, तेव्हा या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराशी त्यांचे फारसे साम्य नसल्याचे आढळले.