शेळीचे डोळे पांढरे पडले: जंत की गोचीड?

पाऊस ओसरला की इंदूरच्या आसपास बकऱ्या मलूल दिसू लागतात. पापणी उलटून पाहिली की आतली गुलाबी कातडी पांढरीफटक. मग मेडिकलमधून जंताचे औषध येते आणि सगळ्या कळपाला पाजले जाते. बहुतेक वेळा निदान बरोबरच निघते, आणि म्हणूनच जेव्हा चुकते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

जंत असोत की गोचिडातून आलेला आजार, रक्त दोन्हीत कमी होते, पण जाते वेगळ्या वाटेने. हेमोंकस हा जंत शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो, एकेक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर. हजारो जंत असले तर हिशेब आपणच करावा. इथे अख्खे रक्त शरीराबाहेर जाते, त्यासोबत प्रथिनेही, म्हणून जबड्याखाली पाणी उतरून मऊ सूज येते. गोचिडातून येणारा ॲनाप्लाझ्मा ओव्हिस हा जिवाणू मात्र तांबड्या पेशींच्या आत राहतो. अशा पेशी प्लीहा ओळखते आणि मोडून टाकते. बाहेर काहीच जात नाही. प्रथिने टिकतात, त्यामुळे जबडा सहसा सुजत नाही. उलट मोडलेल्या पेशींच्या रंगाने डोळे, हिरड्या पिवळसर होऊ शकतात. लघवी लाल होत नाही. ती लाल दिसली तर बॅबेसियाचा संशय घ्यावा. तोही गोचिडातूनच येतो, पण जिवाणू नव्हे, एकपेशी परजीवी आहे.

ताप पाहावा, पण त्यावर विसंबू नये. शेळीचे नेहमीचे तापमान 102 ते 103 अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. ॲनाप्लाझ्मात सुरुवातीला ते 104 च्या वर जाते. डोळे पांढरे दिसेपर्यंत उतरलेलेही असते. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले फामाचा कार्ड पापणीच्या रंगाला 1 ते 5 अंक देते. फार उपयोगी वस्तू, पण रक्त किती कमी झाले एवढेच ती सांगते, का झाले ते नाही.

शेण तपासले की जंतांची अंडी दिसतात. रक्ताचे प्रकरण जास्त नाजूक आहे. काचपट्टीवर गिम्झा रंगाने रंगवलेल्या पेशीच्या कडेला जांभळा ठिपका दिसला की ॲनाप्लाझ्मा, असे शिकवतात. पण जंतांनी खूप रक्त प्यायले की अस्थिमज्जा घाईघाईने कच्च्या पेशी सोडते आणि त्यांत केंद्रकाचे उरलेले गोल तुकडे असतात. हॉवेल-जॉली म्हणतात ते हेच. नवख्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणजे जंतांचा रुग्णही गोचिडाचा ठरू शकतो. जुन्या संसर्गात जिवाणू इतके थोडे असतात की काचपट्टी रिकामी वाटते. तिथे जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी लागते. मात्र पीसीआर पॉझिटिव्ह आली म्हणजे आजाराचे कारण सापडलेच, असे माझ्या मते मानू नये. बरी झालेली शेळी हा जिवाणू वर्षानुवर्षे बाळगते आणि धडधाकट चरत असते. जंतांनी किंवा उपासमारीने खंगली की तोच जिवाणू डोके वर काढतो. दोन्ही एकदम असणेही नेहमीचेच.

नव्याने पुढे येणारे जिवाणू तर आणखी हुलकावणी देतात. चीनमध्ये शेळ्यांत सापडलेला ॲनाप्लाझ्मा काप्रा माणसांनाही बाधतो, हे 2015 मध्ये तिथल्याच संशोधकांनी मांडले. सूक्ष्मदर्शकाखाली तो नेमका ओळखता येत नाही. जिवाणूच्या एमएसपी-5 या प्रथिनावर आधारलेली, रक्तातली प्रतिद्रव्ये शोधणारी एलायझा चाचणी ॲनाप्लाझ्मा आहे एवढे सांगते, कोणता ते नाही. त्यासाठी जनुकाचा क्रमच वाचावा लागतो. होळकरांच्या या शहरात आपल्याला मेंढ्या भेटतात त्या रस्त्यात गाडी अडली की. पण राजस्थानातून माळव्यात उतरणारे ते कळप आपल्या अंगावरचे गोचीडही घेऊन येतात, आणि वाटेतल्या चराईवर स्थानिक बकऱ्याही असतात.

जंताचे औषध देऊनही आठवड्याभरात शेळी सावरली नाही, तर दुसरा डोस पाजण्याआधी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे जिवाणूनाशक औषध टोचण्याआधी रक्त काढून घ्यायला सांगावे. नंतर काचपट्टीवर काही सापडायची आशा कमी. नमुना जांभळ्या झाकणाच्या, रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीए नळीत, बर्फाच्या डब्यात ठेवून न्यावा, पण त्याचा बर्फ होऊ देऊ नये. आणि लसीकरणाला एकच सुई साऱ्या कळपाला वापरणाऱ्याला थांबवावे, कारण गोचीड नसतानाही ॲनाप्लाझ्मा त्या सुईवरून पुढच्या शेळीत जातो.